एका फटक्यातल्या खुणा

मित्रांनो, एका स्वयंपाकघरात फ्रिज आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर जो जुना काळा फळा टांगलेला आहे, तो मी. माझा एक कोपरा उडालेला आहे, पाठीवर ग्रीसचा डाग आहे आणि स्वभाव चिडका आहे. कोपरा आणि डाग यांची हकीकत पुढे येईलच. स्वभाव मात्र जन्मापासून असा नव्हता. माणसांच्या खोट्या खुणा अंगावर वागवून वागवून तो असा झाला. तुम्ही म्हणाल, फळ्याला कसला आलाय राग? खडूने लिहायचे, फडक्याने पुसायचे, विषय संपला. तर आधी माझे सगळे ऐकून घ्या आणि मग ठरवा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. दुकान कसले, तीन भिंती आणि वर एक पत्रा. पण सुतार कामाला पक्का होता. त्याने माझ्या फळ्या अशा जोडल्या की मध्ये केससुद्धा शिरू नये. मग घासले, काळा रंग दिला, वाळल्यावर पुन्हा घासले आणि पुन्हा रंग दिला. माझ्याबरोबर तयार झालेले इतर फळे एकेक करून शाळेत गेले. आपणही शाळेत जाणार, मुले आपल्यावर गणिते चुकवणार आणि बाई ती दुरुस्त करणार, अशी स्वप्ने मी बघत होतो. पण एक दिवस खाकी शर्टातला एक माणूस आला, त्याने मला बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाला, "हा द्या. मुलांसाठी नकोय, गाड्यांसाठी हवाय." मी फार हिरमुसलो. गाड्यांना काय वाचता येते?

अशा रीतीने मी बस डेपोत आलो. तिथे एका रंगाऱ्याने माझ्यावर पांढऱ्या तैलरंगाने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि वर मथळे काढले : हवा, पाणी, तेल, ब्रेक, दिवे, आरसे, हॉर्न. डावीकडे खडूने गाडीचा क्रमांक लिहायचा. ड्रायव्हरने सकाळी गाडीभोवती फिरून एकेक गोष्ट तपासायची, आणि जी ठीक असेल तिच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की गाडी फाटकाबाहेर. काम साधे होते, आणि मला ते हळूहळू आवडूही लागले. माझ्या भरवशावर माणसे बसमध्ये बसतात, ही काही लहान गोष्ट नव्हती.

पण लवकरच माझा भ्रमनिरास झाला. बहुतेक ड्रायव्हर गाडीकडे न जाता थेट माझ्याकडे यायचे. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात खडू. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत सटासट खुणा करत जायचे. चहा निवायच्या आत तपासणी पुरी! हवा बघितली नाही, तेलाची पट्टी ओढली नाही, आणि हॉर्न तर रस्त्यावर गेल्यावर वाजतोच. मी आतल्या आत जळफळायचो. अहो, ज्याने गाडी पाहिली नाही त्याने निदान मला तरी हात लावू नये.

व्हायचे तेच झाले. एका सकाळी एक बस फाटकापाशी थांबायला हवी होती, ती फाटक घेऊन समोरच्या भिंतीपाशी थांबली. नशीब म्हणून कुणाला इजा झाली नाही. रखवालदार नेमका पाणी भरायला गेला होता, त्याचे स्टूल तेवढे चपटे झाले. त्या गाडीच्या ब्रेकच्या चौकटीत अगदी ठसठशीत खूण होती. सगळे माझ्यासमोर जमले आणि माझ्याकडे असे रोखून पाहू लागले, जणू थाप मीच मारली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

त्यानंतर डेपोत नवा नियम आला. ड्रायव्हरने खूण करायची, आणि मग फिटरने स्वतः हात लावून बघायचे. खरोखर ठीक असेल तरच त्या खुणेभोवती गोल करायचा. गोलाशिवाय गाडी सुटणार नाही. हे गोल करायचे काम ज्या फिटरकडे आले, त्याला सगळे आबा म्हणत. आबांच्या खांद्यावर कायम तेलकट फडक्याचा एक बोळा असे. मी भिंतीवर जरा कललेला असलो तरी त्यांना खपत नसे, लगेच पाठीला हात घालून सरळ करत. तो ग्रीसचा डाग त्यांचाच. तो मी कुणाला पुसू दिला असता तर खुळा ठरलो असतो.

याच दिवसांत ताई आली. ती आधी डेपोत गाड्या धुण्याच्या कामावर लागली होती. धुता धुता तिने गाडी आतून-बाहेरून ओळखून घेतली, परवाना काढला, आणि बऱ्याच जणांनी नाके मुरडल्यावरही एक दिवस स्टिअरिंगवर जाऊन बसली. आमच्या डेपोतली ती पहिली बाई ड्रायव्हर. माझ्याकडे यायच्या आधी ती गाडीभोवती पूर्ण फिरायची. वाकून टायर बघायची, दिवे लावून खाली उतरून पाहायची. तिच्या खुणा एकसारख्या कधीच नसत. हवा बघून आली की एक, मग पुन्हा गाडीकडे, तेल बघून आली की दुसरी. एखादी गोष्ट ठीक नसेल तर ती चौकट चक्क रिकामी ठेवायची आणि आबांना हाक मारायची.

"ताई, टायरला हात लावून झाला. आता बोनेटवर हात ठेवून ताप पण बघा," एक ड्रायव्हर एकदा म्हणाला.

"आधी तुमच्या गाडीचा बघते," ती म्हणाली. "न बघताच सगळ्या खुणा केल्यात. फळ्याला फसवाल हो, उताराला कसं फसवाल?"

मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझा ऊर भरून आला. मला वाटले, आपल्याला ओळखणारे माणूस भेटले. पुढे साहेबलोक पाहणीला आले की डेपोमास्तर माझ्यासमोर उभे राहून सांगत, "या फळ्यामुळे आमच्याकडे शिस्त आहे." कौतुक माझे व्हायचे, पण ते खरे ताईचे आणि आबांचे होते.

मग डेपोत टॅब आले. तपासणी काचेवर बोट ठेवून होऊ लागली. मला भिंतीवरून काढले आणि जुन्या टायरांच्या मागे ढकलले. त्या ढकलाढकलीत माझा कोपरा उडाला. कुणी मला टायरांवर आडवा टाकून माझ्यावर डबा उघडून जेवायचे, कुणी पत्ते खेळायचे. गरज सरो, वैद्य मरो! एवढी वर्षे सेवा केली, आणि शेवटी भाजीच्या रश्श्याचे डाग.

तिथून मला ताईनेच बाहेर काढले. आबा तिच्याबरोबर होते. मला ओढता ओढता ती जे सांगत होती, त्यावरून मला सारे कळले. ड्रायव्हर लोकांची वार्षिक तपासणी झाली होती. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी ताईचा रक्तदाब पाहिला, वजन पाहिले आणि स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या विचारतात, पाणी किती पिता? मी म्हटलं, वेळ मिळाला की. तर म्हणे, वेळ कधी मिळतो?" ताई सांगत होती. "मी आपली हसले, आबा. मग म्हणाल्या, गाडीची रोज तपासणी करता ना, तशी स्वतःची करा. स्वतःची यादी करा, कुणाची उतरवून घेऊ नका. पुढच्या वेळी हेच दिसलं तर तुम्हाला स्टिअरिंगवरून काढून तिकीट खिडकीवर बसवावं लागेल."

"मग करा की यादी," आबा म्हणाले. "स्टिअरिंग गेलं तर तुम्ही जगाल का?"

"म्हणून तर हा हवाय," ती म्हणाली आणि तिने माझ्यावरची धूळ आपल्या ओढणीने पुसली.

घरी माझे स्वागत झाले ते पॉलिशपेपरने. ताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे घासायची त्याला भारी हौस. जुने मथळे खरवडताना त्याने मला सोलूनच काढले. हवा गेली, तेल गेले, ब्रेक गेले. पाण्यापाशी आल्यावर ताईने त्याचा हात धरला.

"ते राहू द्या. पाणी इथेही लागणारच आहे."

मग तिघे जण माझ्यासमोर बसले : ताई, तिचा नवरा, आणि वाटाणे सोलत असलेल्या सासूबाई. ताईने खडू घेतला. पाणी होतेच. त्याच्या पुढे तिने लिहिले, बसून जेवण. कारण ती उभ्या उभ्या किंवा चालत्या चालत्या जेवत असे. मग पाठ, म्हणजे पाठीचे व्यायाम. मग झोप. मग नवरा म्हणाला, "गच्ची लिही. तुला गच्चीवर एकटीला उभं राहायला आवडायचं. किती दिवसांत गेली नाहीस." तिने गच्ची लिहिले.

"अजून एक लिही," सासूबाई म्हणाल्या. "बोलणं. मनात असेल ते कुणाशी तरी बोलायचं. तू सगळं गिळून बसतेस."

"आई, दिवसभर हॉर्न वाजवते की मी."

"तो रस्त्याला ऐकू येतो. घरच्यांना नाही."

सगळे हसले, आणि बोलणे हा मथळाही लिहिला गेला. डावीकडे गाड्यांच्या क्रमांकांच्या जागी वार आले. मी नव्याने सजलो होतो. आणि ताई पुन्हा माझ्यासमोर होती, तीच ताई, जी कधी खोटी खूण करत नाही. मला वाटले, म्हातारपण सुखाचे जाणार.

सुरुवातीला गेलेही. सकाळी पाठीचा व्यायाम झाला की एक खूण. डबा कुठेतरी सावलीत बसून खाल्ला असेल तर संध्याकाळी आल्यावर दुसरी. कधी गच्चीवरून उतरून यायची, केस वाऱ्याने विस्कटलेले असायचे, आणि जाता जाता खूण करायची. दिवसभर वेगवेगळ्या वेळी केलेल्या त्या खुणा कुठे जाड, कुठे पुसट, कुठे तिरक्या असत. मला त्या फार आवडत.

पण हे घर होते, डेपो नव्हे. डेपोत माझ्यावर गाड्यांखेरीज दुसरे काही लिहायची कुणाची हिंमत नसे. इथे नवऱ्याने एक दिवस कोपऱ्यात लिहिले, 'निळा शर्ट, बटण'. दुसऱ्या दिवशी 'नळवाल्याला फोन'. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालायच्या वेळा आल्या. त्या गच्चीच्या चौकटींत लिहिल्या गेल्या, कारण गच्ची काय, उद्याही जाता येते. पाठीच्या चौकटींत पाहुण्यांचा फोन नंबर आला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! तिघांनी मिळून जिच्यासाठी यादी केली होती, तिलाच तिच्यात उभे राहायला जागा उरली नाही. आणि ती काही म्हणेना. उलट डोळ्यांच्या औषधाच्या वेळा तिने स्वतःच नीट, ठळक अक्षरांत पुन्हा काढल्या. मला इतका संताप आला की खिळ्यासकट खाली उडी मारावी असे वाटले.

तरी खरा घोळ पाण्याचा होता.

त्या महिन्यात ताईला नवा मार्ग मिळाला. तिच्या बसचा शेवटचा थांबा शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे बायकांसाठी बाथरूम बांधलेले होते, पण त्याला कुलूप होते. पुरुष ड्रायव्हर भिंतीमागे जात. ताई कुठे जाणार? मग तिने आपल्यापुरता मार्ग काढला. पाणी प्यायलेच नाही तर जावे लागणार नाही. सकाळी बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणायची.

हे मला कसे कळले? मित्रांनो, स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मनीप्लांटची कुंडी होती. संध्याकाळी घरात आल्यावर ताई आधी ती बाटली कुंडीत रिकामी करायची आणि मग माझ्याकडे यायची. एकदा ओतता ओतता ती त्या झाडाला हळूच म्हणाली, "पी बाबा, तू तरी पी. माझ्या नशिबी कुलूप आहे."

एवढे बोलून ती वळली, खडू घेतला आणि पाण्याच्या चौकटीत खूण केली. मग जेवणाच्या. मग पाठीच्या, फोन नंबरावरूनच. झोपेच्या, गच्चीच्या, बोलण्याच्या. सटासट, एका ओळीत, एका फटक्यात.

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. अगं, तू? डेपोत ज्यांना झापायचीस, त्यांच्यासारखीच तू? तो बोलण्याचा मथळा, त्याच्या खाली खूण करतेस आणि सांगतेस कुणाला, तर झाडाला! पण फळ्याला तोंड नसते. पुढे रोज हेच होऊ लागले. डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून ती दर आठवड्याला माझा फोटो काढून ठेवायची. फोटोत मी काय सुंदर दिसत असेन! एकही चौकट रिकामी नाही. आणि इकडे ते झाड असे तरारून उठले की वेल पडद्याच्या दांडीवर चढला.

"हे एवढं कसं काय वाढतंय?" सासूबाई म्हणायच्या. "मी तर याला कधी पाणी घालत नाही."

"मी पण नाही," नवरा म्हणायचा. आणि दोघे झाडाचे कौतुक करायचे. धन्य ती माणसे! वेल वाढताना दिसला, पण घरातली बाई सुकताना दिसली नाही.

मग एका दुपारी दार वाजले. आबा ताईला धरून आत घेऊन आले. तिच्या अंगात फणफणून ताप होता, कुशीत कळा येत होत्या आणि ती वाकूनच चालत होती. शेवटच्या थांब्यावर बस उभी केल्यावर तिला सीटवरून उठताच आले नव्हते. ती आत जाऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी आधीच तपासून औषधे दिली होती. लघवीच्या जागी झालेला संसर्ग वर चढत मूत्रपिंडापर्यंत गेला होता. तपासणीची तारीख यायच्या आधीच स्टिअरिंग गेले होते. बरी झाल्यावर तिला तिकीट खिडकीवर बसायचे होते.

"पाणी कमी, आणि लघवी दिवसभर धरून ठेवायची. त्याने झालं म्हणतात," आबा सासूबाईंना सांगत होते.

"कमी कसं?" सासूबाई म्हणाल्या. "हा बघा ना फळा. रोज खूण करते. एक दिवस चुकला नाही."

आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. किती दिवसांनी भेटत होतो आम्ही! त्यांनी सवयीने मला पाठीमागून हात घालून सरळ केले आणि मग खुणांवरून बोट फिरवले.

"मावशी, या खुणा मी ओळखतो," ते म्हणाले. "सगळ्या एकाच झोकाच्या आहेत. एका फटक्यात केलेल्या. डेपोत असल्या खुणांना मी गोल करत नव्हतो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग ओट्यावर ताईची बाटली होती तिच्याकडे पाहिले. ती काठोकाठ भरलेली होती. मग त्यांची नजर खिडकीतल्या झाडावर गेली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "तरीच मेलं एवढं फोफावलंय."

ताईचा ताप उतरल्यावर दोघींचे जे बोलणे झाले, ते माझ्यासमोरच झाले. सासूबाईंनी आवाज चढवला नाही, आणि तेच मला जास्त भारी वाटले.

"खोट्या खुणा कुणासाठी केल्यास? आमच्यासाठी?"

"तसं नाही आई. रिकामी चौकट बघवत नव्हती. दिवसभरात सगळ्यांचं सगळं होतं, आणि आपलंच एक होत नाही, हे रोज भिंतीवर कशाला बघायचं? खूण केली की झाल्यासारखं वाटायचं."

"आणि कुलपाचं कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? बाथरूमची किल्ली द्या म्हणून रोज चार पुरुषांसमोर उभं राहायचं? पहिलीच बाई आहे मी तिथे. म्हणतील, बघा, म्हणून बायका नकोत."

सासूबाई उठल्या. गुडघे दुखतात, तरी उठल्या. ओले फडके घेऊन त्यांनी आधी स्वतःच्या औषधाच्या वेळा पुसल्या. मग बटण, नळवाला, फोन नंबर, सगळे पुसले. मग त्या सुंदर, खोट्या खुणाही पुसल्या. मला इतके हलके कधीच वाटले नव्हते.

"माझ्या डोळ्यांचं औषध माझा मुलगा घालील. आणि डेपोत दुसरा हात लागायचा ना? इथे तो माझा. तू खूण कर, मी बघून गोल करीन. बाटली उपडी करून बघीन. गोल नसेल तर खूण धरायची नाही."

"मग बऱ्याच चौकटी रिकाम्या राहतील, आई."

"राहू देत. खरं तरी कळेल."

तिकीट खिडकीवर असताना एक गंमत झाली. गंमत कसली, चीड आणणारी गोष्ट. खिडकी डेपोत होती आणि डेपोत बाथरूम होते. त्यामुळे पाण्याच्या चौकटीत रोज खूण, आणि तिच्याभोवती सासूबाईंचा वाकडातिकडा गोल. जेवणही बसून. रक्तदाब खाली आला, डोळ्यांखालचे काळे गेले. पण ती खिडकीतून बाहेर जाणाऱ्या बसकडे अशी बघायची, असे आबा एकदा सांगून गेले, की बघवत नसे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासले आणि म्हणाल्या, ठीक आहे, महिनाभर गाडी चालवून बघा.

ताई पुन्हा स्टिअरिंगवर गेली. आणि पहिल्याच संध्याकाळी पाण्याची चौकट रिकामी राहिली.

"काय लिहू?" तिने विचारले.

"जे असेल ते," सासूबाई म्हणाल्या.

ताईने चौकटीत लिहिले, 'कुलूप'. सासूबाईंनी त्याभोवती गोल केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर पाण्याखाली तोच शब्द येत गेला. मग ताईने मला खिळ्यावरून उतरवले, काखोटीला मारले आणि थेट डेपोमास्तरांच्या टेबलावर नेऊन उभे केले. आबा बोळा खांद्यावर टाकून दारातच थांबले.

"अरे, हा आपला फळा!" डेपोमास्तर खूश झाले. "पण हे काय लिहिलंय?"

"साहेब, शेवटच्या थांब्यावर बायकांच्या बाथरूमला कुलूप आहे."

"असणारच. मीच लावलंय," ते अभिमानाने म्हणाले. "उघडं ठेवलं की घाण होते. जाऊन बघा, बांधल्यापासून कसं चकाचक आहे."

"बघू कशी? कुलूप आहे ना."

दारात आबांना खोकला आला. डेपोमास्तर जरा गोरेमोरे झाले. "मग रीतसर अर्ज करा."

"मागेच केलाय. मी आजारी होते तेव्हा माझ्या सासूने माझ्याकडून लिहून घेतला आणि आबांनी आणून दिला. तुमच्याच कप्प्यात असेल. किल्लीच्या शेजारी." ताईने माझ्यावरच्या पाण्याच्या मथळ्यावर बोट ठेवले. "साहेब, रेडिएटरमध्ये पाणी नसेल तर गाडी फाटकाबाहेर सोडाल?"

"सोडेन कसा?"

"मग मला रोज कसं सोडता?"

डेपोमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. तो एकच शब्द, खाली खाली लिहिलेला, आणि प्रत्येकाभोवती एका म्हातारीने केलेला वाकडा गोल. त्यांनी कप्पा उघडला. आत अर्ज होता, आणि अर्जावर किल्ली होती. अहो, वजन म्हणून ठेवली होती! कागद उडू नये म्हणून!

किल्ली मिळाली. 'हरवली तर जबाबदारी तुमची' हे ऐकवूनच मिळाली. ताईने ती शेवटच्या थांब्यावरच्या कंट्रोल केबिनमध्ये खिळ्याला लावली, म्हणजे तिच्या मागून येणाऱ्या बायकांना कुणापुढे हात पसरायला नको. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. एवढ्याशा पितळेच्या तुकड्यापायी एक बाई मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली. आणि सगळे जण तिला सांगत होते, पाणी पीत जा हो!

मित्रांनो, तुम्हीही कधी तरी स्वतःसाठी अशी यादी कराल. जरूर करा. पण तिच्यात इतरांची बटणे आणि नळवाले घुसू देऊ नका. एखादी चौकट रिकामी राहिली तर लाजू नका, तिच्यात कारण लिहा. आणि आपल्या माणसांपैकी एकाच्या हातात खडू द्या, जो बाटली उपडी करून बघेल. आम्हा फळ्यांना रिकामे राहायचे दुःख नसते. खोटे भरून घ्यायचे असते.

गच्चीची चौकट अजूनही बरेचदा रिकामी असते, आणि निळा शर्ट हळूच कोपऱ्यात परत आला आहे. त्यावरून सासूबाईंची आणि त्यांच्या मुलाची रोज जुंपते. पण ताईची बाटली आता संध्याकाळी रिकामी येते. खिडकीतल्या झाडाला घरातले कुणीच लक्षात ठेवून पाणी घालत नाही. काल त्याची दोन पाने पिवळी पडलेली सासूबाईंनी पाहिली, ती तोडून हातात घेतली, आणि पाण्याच्या खुणेला गोल करायला खडू शोधत हसत हसत माझ्याकडे आल्या.